टँकचं पाणी दुपारी ३३-३४ डिग्री, मासे वर येऊन तोंड उघडतायत, काय करू?

मोर्णाकाठचा

नमस्कार मंडळी, अकोल्याहून लिहितोय. हॉलमध्ये दोन फुटी टँक आहे (२ बाय १ बाय १), त्यात दोन गोल्डफिश, चार मॉली होत्या त्यातल्या आता तीन, दोन ते दुकानदार शार्क म्हणून देतात ते, आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खातो तो). हिवाळ्यात काही त्रास नव्हता. मे लागला तसं बाहेर ४४-४५ चाललंय, कूलर दिवसभर सुरू असतो तरी टँकमधलं थर्मामीटर दुपारी चारला ३३-३४ दाखवतं आणि पहाटे २९. दोन-तीन दिवसांपासून सगळे मासे वर येऊन तोंड उघडत बसलेत, गोल्डफिश तर फिल्टरची धार पडते तिथून हलायलाच तयार नाहीत, काल एक मॉली गेली.

पाणी म्हणाल तर एकदम काच. गेल्या आठवड्यात टँक साफ करणारा पोरगा येऊन गेला, त्याने सगळं रिकामं केलं, गोटे, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली खळखळून धुतलं, निळं औषध टाकलं, त्यामुळे घाणीचा प्रश्नच नाही. फक्त नळाला पाणी आमच्याकडे रोज येत नाही म्हणून त्याने बोअरचं भरलं आणि आमचं बोअर खारं आहे, खारपाणपट्टा म्हणल्यावर अजून काय सांगू, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर १२०० च्या वर जातं.

तर बर्फ टाकू का? फ्रीजरमधल्या बाटल्या सोडतात असं एका व्हिडिओत पाहिलं. चिलरची (टँकचं पाणी थंड करायचं मशीन) किंमत विचारली आणि गप्प बसलो. का पाणीच बदलून आरओचं भरू? जरा लवकर सांगा, घरात पोरीचा रोज एकच प्रश्न असतो.

संत्रानगरी

भाऊ नागपुरात आपलंही तेच चालू आहे, घाबरू नका. बर्फ थेट टाकायचा नाही, बिलकुल नाही. ३४ वरून घंटाभरात २७ वर आणलं तर गर्मीनं नाही मेले ते थंडीनं मरतील, निदान पांढरे ठिपके तरी येतातच. एका वेळी दोन डिग्रीच्या वर उतरवू नका.

टँकचं झाकण काढा, लाइट बंद ठेवा, आणि एक छोटा टेबल फॅन असा लावा की वारा पाण्याच्या वरून गेला पाहिजे, काचेवर नाही. वर मच्छरदाणीची जाळी बांधा कारण मॉली उडी मारते. आपल्याकडे हवा कोरडी असते त्यामुळे तीन-चार डिग्री आरामात उतरतं. कूलर पाहिजे तर त्या खोलीत असू द्या पण त्याचे तुषार टँकमध्ये नको, कूलरच्या टाकीत लोक काय काय टाकतात.

हिशोबी

फॅन का बर्फ, याचं गणित एकदा मांडून ठेवतो. तुमच्या टँकमध्ये ५६ लिटर मावतं, गोटे आणि वरची जागा सोडून धरा ५० लिटर. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून पाण्याइतकी कोमट होईपर्यंत या ५० लिटरला जेमतेम दोन डिग्री खाली आणते, आणि तासा-दोन तासात खोली ते परत वर नेते. उलट तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर जाताना ५० लिटरमधून अकरा डिग्रीची उष्णता घेऊन जातं. हे कागदावर, प्रत्यक्षात खोलीतून उष्णता आत येतच राहते त्यामुळे तीन-चारच दिसतात, पण फॅन एकसारखा काम करतो आणि बाटलीसारखा झटका देत नाही. माठ जसा चालतो तसंच. बाटली फक्त लाइट गेली आणि फॅन बंद पडला तर, तीही एकच, आणि बाहेरून धुऊन.

शेवाळ

तापमानाचं वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, पण दादा तुमच्या पोस्टमधली खरी बातमी दुसऱ्या परिच्छेदात आहे आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. स्पंज नळाखाली धुतला, गोटे धुतले, सगळं पाणी एकदम बदललं, वरून निळं औषध. आणि मासे त्यानंतरच वर यायला लागले ना? ऊन तर त्याच्या आधीपासून होतं.

माशांच्या लघवी-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर, गोट्यांवर जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते आधी त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे त्यामानाने निरुपद्रवी असतं आणि आपण पाणी बदलून काढून टाकतो. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, यालाच लोक टँक सायकल झाला म्हणतात. तुमच्या त्या मुलाने ती एका दुपारी गटारात सोडली. काचेसारखं दिसणारं पाणी आणि चांगलं पाणी याचा काही संबंध नाही, अमोनियाला रंग नसतो.

आता याला गर्मी कशी जोडली जाते बघा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसा त्रास न देणारा आणि एक विषारी, आणि विषारी किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच ८ असेल तर २५ डिग्रीला एकूण अमोनियाच्या साधारण ५ टक्के विषारी असतो, ३३ डिग्रीला तोच ९ टक्के. म्हणजे अमोनिया तेवढाच राहिला तरी नुसत्या उन्हाने विष जवळपास दुप्पट. पीएच ७ ला मात्र ३३ डिग्रीतही तो एक टक्क्याच्या आसपासच असतो. बोअरच्या पाण्याचा पीएच बहुतेक ८ च्या आगेमागे निघेल तुमचा.

ऑक्सिजनचंही तसंच. २४ डिग्रीच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३४ ला सातच्या आसपास. फरक फार वाटत नाही, पण गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तुमच्या टँकमध्ये गर्दी आहे. त्यात अमोनियाने कल्ले भाजलेले असले तर आहे तो ऑक्सिजनही घेता येत नाही. म्हणून तोंड वर.

टीडीएस मीटरने यातलं काहीच कळत नाही, तो फक्त क्षार मोजतो. अमोनिया आणि पीएचची थेंबवाली टेस्ट किट आणा, पट्ट्या नको, आणि आकडे इथे टाका. तोवर दोन दिवस खाणं पूर्ण बंद, उपाशी राहून काही होत नाही त्यांना. आणि एअर पंप असेल तर चोवीस तास चालू.

मोर्णाकाठचा

ताई धन्यवाद, आजच दुकानातून किट आणली. अमोनिया १ आणि २ च्या मधला रंग येतोय, पीएच ८, नायट्राइट शून्य. फॅन सकाळपासून लावलाय, आत्ता चारला ३१ आहे!! एअर पंप पडून होता तो लावला. आता पुढे काय, परत सगळं पाणी बदलून टाकू का म्हणजे अमोनिया एका झटक्यात जाईल? त्या पोराला फोन केला तर तो म्हणतो उन्हाळ्यात मासे मरतातच.

शेवाळ

मरतातच म्हणे. त्याला पुढच्या वेळी फक्त काच पुसायला बोलवा.

सगळं पाणी नको. रोज ३० टक्के म्हणजे तुमचं साधारण १५ लिटर, एक बादली, अमोनिया शून्याजवळ येईपर्यंत. मध्ये नायट्राइट वर जाईल, ते चांगलं लक्षण आहे, बॅक्टेरियांची पहिली तुकडी बसली असा अर्थ, पण नायट्राइटही विषारीच, त्यामुळे पाणी बदलणं थांबवायचं नाही. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओला, त्याच्याच टँकच्या पाण्यात बुडवून, आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा. बाजारात बाटलीत बॅक्टेरिया मिळतात, काही चालतात काही नाही, पण कुणाच्या तरी टँकमधल्या मळक्या स्पंजइतकं खात्रीचं काही नाही. आणि यापुढे स्पंज धुवायचा तो काढलेल्या टँकच्या पाण्यात, बादलीत दोनदा पिळायचा, बस्स. निळं औषध बंद, ते रोगाच्या बॅक्टेरियांना आणि कामाच्या बॅक्टेरियांना वेगळं ओळखत नाही.

संत्रानगरी

पाणी बदलायच्या टायमावर लक्ष ठेवा भाऊ, हे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेता येत नाही इतकं तापतं. तुम्ही टँक थंड करायला पाणी बदलायला जाल आन् वरून चहाचं पाणी ओताल. पहाटे बादली भरून घरातच सावलीत ठेवायची, थर्मामीटर आधी बादलीत बुडवून पाहायचं, टँकपेक्षा एक-दोन डिग्री कमी असलं तर उत्तम.

नळाचं पाणी साठवून ठेवताच ना तुम्ही ड्रममध्ये? मग क्लोरीनचा प्रश्न अर्धा सुटला, एक दिवस उघडं राहिलं की उडतं. ताजं असलं तर दुकानात क्लोरीन मारणारे हायपोचे खडे मिळतात, १० लिटरच्या बादलीला एखाद-दुसरा खडा पुरतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला डबल ध्यान द्या, पाणी गढूळ येतं म्हणून पालिकेवाले क्लोरीन वाढवतात, अन् अपार्टमेंटची टाकी धुतली की कोणीतरी ब्लीचिंग पावडर मुठीनं टाकतं.

क्रिस्टल_क्लिअर

माझं मत थोडं वेगळं आहे. खारं पाणी काढून सरळ आरओचं १०० टक्के भरा, पीएच खाली येईल, ताईंच्याच हिशोबाने अमोनिया निरुपद्रवी होईल, प्रॉब्लेम संपला. मी कायम आरओच वापरतो.

शेवाळ

तुम्ही काय पाळता? निऑन किंवा डिस्कस असतील तर तुमचं बरोबर, त्यांना मऊ पाणी लागतं, तेही लोक आरओत थोडे क्षार परत घालून देतात. नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच सांभाळणारा कार्बोनेट उरतच नाही, तो काही दिवसांत घसरून ६ च्याही खाली जाऊ शकतो, आणि तिथे हेच बॅक्टेरिया काम टाकून बसतात. शिवाय १२०० टीडीएसच्या माशाला एका दिवसात ५० च्या पाण्यात टाकलं तर त्याच्या पेशींना तो धक्का झेपत नाही. मॉलीला तर कडक, थोडं खारट पाणी आवडतं, खाडीच्या मचूळ पाण्यातही ती राहते. गोल्डफिशलाही कडक चालतं. या टँकमध्ये खारं पाणी नापसंत असलेला एकटा सकर.

म्हणून दादा, रोजच्या बादलीत ड्रममधलं नळाचं पाणी घाला, दोन आठवड्यांत खारेपणा हळूहळू आपोआप उतरेल. आरओ मात्र एका कामाला हवाच. फॅनमुळे रोज पाणी उडणार, तुमच्याकडे दीड-दोन लिटरसुद्धा. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ती रोजची भर बोअरच्या पाण्याने घातली तर महिन्याभरात १२०० चे २५०० कधी झाले ते कळणार नाही. भर घालायची ती आरओची, बदलायचं ते नळाचं.

क्रिस्टल_क्लिअर

निऑन आणि एंजल आहेत माझ्याकडे, प्लांटेड टँक. ठीक आहे, गोल्डफिशचं लक्षात घेतलं नाही. पण मीठ टाकायला हरकत नाही ना, चिमूटभर खडे मीठ, सगळे टाकतात.

मालवणी_मासो

त्येंच्या बोअरात आधीच मीठ आसा, आणखी कित्याक घालतास! मस्करी सोडा, मिठाचा उपयोग आहे तो नायट्राइट वाढला तर, क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत कमी शिरतं, आणि यांच्या पाण्यात क्लोराइडची कमी नसणार.

मी लिहायला आलो ते फॅनसाठी. आमच्याकडे किनाऱ्यावर मे महिन्यात हवेत इतका दमटपणा असतो की फॅन लावून एक-दीड डिग्री उतरली तर नशीब, पाणी उडतच नाही. मुंबईवाल्यांचंही तेच. आमच्याकडे उपाय म्हणजे टँक पश्चिमेच्या भिंतीपासून हलवणे, खिडकीला जाड पडदा, मासे कमी ठेवणे आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवणे. ३० डिग्री मॉली, गप्पी, एंजल सगळे काढतात, ऑक्सिजन असला तर. डिस्कस तर २८-३० लाच खूश असतो. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, त्याला १८ ते २२ बरं वाटतं, तो आणि मॉली एका टँकमध्ये देणाऱ्या दुकानदाराला दोन्हीपैकी एक तरी मरणार हे माहीत असतं, परत गिऱ्हाईक तोच.

आणि ते शार्क. तो पंगस आहे, हॉटेलात बासा म्हणून जो खपतो तो बहुतेक वेळा हाच. तीन फुटांच्या वर वाढतो. दोन फुटी टँकमध्ये तीन फुटी मासा, तुम्हीच बघा.

मोर्णाकाठचा

बासा!! हे घरात सांगू का नको.

अपडेट देतो. ऑफिसातल्या एकाकडून स्पंजचा तुकडा आणला, रोज पहाटे एक बादली चालू आहे, अमोनिया आज पाऊणच्या खाली, नायट्राइट थोडा दिसायला लागला, मासे खाली फिरतायत. पाणी दुपारी ३०-३१ च्या वर जात नाही. अजून दोन गोष्टी. लाइट जाते तेव्हा काय, दुपारी दोन-दोन तास जाते. आणि कूलरमुळे मच्छर वाढलेत, रात्री हॉलमध्ये लिक्विडवालं मशीन लावतो, त्याचा काही त्रास?

हिशोबी

एअर पंप दोन-तीन वॅटचा असतो, इन्व्हर्टरवर घ्या, इन्व्हर्टरला कळणारही नाही. नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंप आणि पॉवर बँक, रात्रभर निघतो. फॅनही शक्यतो यूएसबीचा घ्या. फिल्टर दोन तास बंद राहिला तर काही बिघडत नाही, पण कधी सात-आठ तास गेली तर चालू करण्याआधी स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या, आतलं कोंडलेलं पाणी वास मारतं आणि ते एकदम टँकमध्ये यायला नको.

शेवाळ

मच्छरांच्या मशीनमध्ये, अगरबत्तीत, स्प्रेत जे असतं ते बहुतेक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक, माणसाला फारसं बाधत नाही पण माशांना अगदी थोडंही पुरतं. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो हे विसरू नका. मशीन टँकच्या खोलीत नकोच, स्प्रे तर बिलकुल नाही. मच्छरदाणी लावा, कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करा, अळ्या तिथेच होतात. त्या अळ्या स्वच्छ पाण्यात धुऊन माशांना घातल्या तर मेजवानीच, पण कूलरमध्ये औषध टाकत असाल तर नको.

निफाडकर

इथे सगळे गरमीचं बोलतायत, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, पारा ५ च्या खाली जातो कधी कधी. अकोल्यालाही रात्री गार पडतं म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. लिटरला एक वॅट धरून ५०-६० लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो, खोली फारच थंड असेल तर ७५. मोठा घेऊ नका, थर्मोस्टॅट अडकला तर मोठा हीटर सकाळपर्यंत माशांचं कालवण करतो, छोट्याला तेवढा दमच नसतो. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, गरम काच पाण्याबाहेर आली की तडकते, आणि चालू असताना तडकली तर हात घालायचा नाही. हीटरवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास नको, वेगळं थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला.

मोर्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. दोन्ही शार्क आणि सकर ऑफिसातला तोच मित्र घेतोय, त्याच्याकडे पाच फुटी आहे, पुढे मोठे झाले तर त्याच्या ओळखीत शेततळ्यावाला आहे म्हणे. शेवटचं विचारतो, पुढच्या आठवड्यात गावाकडे लग्न आहे, सगळे आठ दिवस नसू. शेजारचे काका बघतो म्हणतात.

मालवणी_मासो

पंगस शेततळ्यात दिलात तर ठीक, पण सकर कुठे सोडू नका, नदीत नाही, तलावात नाही, शेततळ्यात पण नाही. देशात बऱ्याच ठिकाणी तो सुटून बसलाय, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात कोण घेत नाही.

शेवाळ

काकांना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. प्रेमाने रोज मूठभर टाकतील आणि तुमचा अमोनिया परत दोनवर. कागदाच्या तीन छोट्या पुड्या बांधा, प्रत्येकीत दोन मिनिटांत संपेल एवढंच, एक दिवस सोडून एक, आणि डबा कपाटात कुलपात. फॅन आणि पंप चालू राहू द्या, आरओचं पाणी बाटल्यांत भरून टँकशेजारी ठेवा आणि काचेवर बाहेरून स्केचपेनने रेघ मारा, काका पाणी रेघेपर्यंत भरतील. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, त्याच दिवशी स्पंजला हात लावू नका. आणि खोली बंद राहणार असेल तर पडदे ओढून जा, कूलर नसताना दुपारी कितीवर जातं ते आधी एक दिवस कूलर बंद ठेवून बघून घ्या, ३२ च्या वर गेलं तर गोल्डफिश आठ दिवस काकांच्याच घरी एखाद्या मोठ्या टबात ठेवा, एअर पंपासकट.